चित्रातली माणसं आपल्यातलीच



गटाच्या फायलीसाठी फोटो काढायचा म्हटलं की आपण काय करतो? पदर नीट करतो, टोपली बाजूला सारतो आणि ताठ उभ्या राहतो. दमलेला चेहरा, कामाचं ओझं फोटोत नको असतं. आज आम्ही अशा चित्रांबद्दल सांगणार आहोत, ज्यांत नेमकं तेच असतं.

सुधीर पटवर्धन हे आपल्या ठाण्याचे चित्रकार. जन्म १९४९ सालचा, पुण्याचा. शिक्षणाने डॉक्टर. १९७५ ते २००५ अशी ३० वर्षं त्यांनी ठाण्यात एक्स-रेचे डॉक्टर म्हणून काम केलं आणि सोबत चित्रं काढली. त्यांच्या चित्रांत राजे-राण्या नाहीत. इराणी हॉटेलात बसलेला माणूस आहे, लोकलचा डबा आहे, रेल्वेचा पूल आहे, ठाण्याचा पोखरण भाग आहे, गिरण्यांचं लोअर परळ आहे.

ही चित्रं बैठकीत मोबाईलवर दाखवली, तेव्हा कल्याणला भाजी विकायला जाणाऱ्या एक ताई म्हणाल्या, "यात काय बघायचं? हे तर रोजचंच!"

मग आम्ही सगळ्यांनी मिळून चित्र नाटकातल्या प्रवेशासारखं बघितलं. पुढे कोण उभं आहे, मागे कोण? उजेड कुणावर पडलाय? हात काय सांगतात, खांदे काय सांगतात? हा माणूस आत्ता कुठून आला असेल आणि घरी जाऊन काय करेल? बोलता बोलता अर्धा तास गेला. शेवटी त्याच ताई म्हणाल्या, "मी रोज पुलावरून जाते, पण माझ्याकडे इतका वेळ कुणी बघितलं नाही."

एक चित्र एकाच भिंतीवर लागतं. ते अनेकांपर्यंत पोचावं म्हणून छापचित्र असतं. लहानपणी आपण भेंडी कापून रंगात बुडवून ठसे उमटवायचो ना, तसंच. लिनोलियमच्या जाड तुकड्यावर चित्र कोरायचं, उंच राहिलेल्या भागावर शाई फिरवायची आणि वर कागद दाबायचा. चित्र उलटं उमटतं, म्हणून कोरतानाच उलटं कोरावं लागतं. एकदा कोरलं की कितीतरी प्रती निघतात, त्याही स्वस्तात. बंगालहून येऊन मुंबईत अंधेरीला राहिलेले चित्तप्रसाद यांनी अशीच छापचित्रं केली. राबणारी लहान मुलं त्यांनी त्यांत दाखवली.

आपल्या गटाच्या वहीत बचत आणि हप्ते लिहिले जातात. तो हप्ता कसा जमवला, ते लिहिलं जात नाही. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने आपल्या दिवसातला एक प्रसंग सांगावा किंवा कोळशाने कागदावर काढावा. चित्र चांगलं यायलाच हवं असं नाही. आणि हो, त्यात टोपली बाजूला सारायची नाही!