ख्रिस्ती पदयात्रेतील आनंद आणि मराठी शब्द

तीर्थयात्रेस पायी निघालेल्या मनुष्यास जो आनंद होतो, तो पोहोचावयाच्या स्थळी असतो की चालावयाच्या वाटेवर? हा प्रश्न वरकरणी धर्मशास्त्राचा आहे. परंतु त्याचा पुष्कळसा उलगडा भाषा करून देते. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली या प्रदेशाच्या संदर्भात मराठी ख्रिस्ती भक्तीतील काही शब्दांचा या दृष्टीने विचार करावयाचा आहे.

प्रथम आपल्या भाषेतील तीन शब्द पाहू. 'यात्रा' हा शब्द 'या' म्हणजे जाणे या धातूपासून आला आहे. त्यात केवळ गमन आहे. 'तीर्थ' हा शब्द 'तॄ' म्हणजे तरून जाणे या धातूपासून निघाला असून त्याचा मूळ अर्थ नदीचा उतार, पलीकडे जाण्याची जागा, असा आहे. 'वारी' या शब्दाचा संबंध 'वार' म्हणजे खेप किंवा पाळी या शब्दाशी जोडला जातो. म्हणून वारीत पुन्हा पुन्हा येणे-जाणे अभिप्रेत असते. जाणे, ओलांडणे आणि परतून येणे, असे एकाच अनुभवाचे तीन भाग मराठीने तीन शब्दांत वाटून ठेवले आहेत. ज्ञानेश्वरांची पालखी नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात प्रवेश करते, त्या वेळी पादुकांना नीरास्नान घडते आणि पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ उभे रिंगण होते. पंढरी अद्याप दूर असताना वाटेतच उत्सव होतो, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

आता ख्रिस्ती परंपरेकडे वळू. लॅटिनमधील 'पेरेग्रिनुस' या शब्दाचा अर्थ परदेशी, परका असा होता. यात्रिक या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याच्यापासूनच आला. म्हणजे युरोपीय शब्दात घर सोडून परके होणे प्रधान आहे. हिब्रू परंपरेचा कल याहून निराळा दिसतो. जुन्या करारातील १२० ते १३४ या पंधरा स्तोत्रांच्या शीर्षकांत 'माअलोत' हा शब्द येतो. त्याचा अर्थ चढण किंवा पायऱ्या. यरुशलेमची वाट चढणारे यात्रेकरू ही स्तोत्रे गात असत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांपैकी १२२व्या स्तोत्रात चलण्याचे निमंत्रण ऐकताच झालेला आनंद प्रथम सांगितला आहे. नगराच्या वेशी नंतर येतात. आनंद येथे पाऊल उचलण्यापूर्वीच सुरू झाला आहे, आणि तो सोबत्यांच्या बोलावण्याने झाला आहे.

लूकच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायातील अम्माऊसची कथा याहूनही मार्मिक आहे. दोन शिष्य यरुशलेमपासून साठ स्तादिया, म्हणजे सुमारे ११ किलोमीटर अंतरावरील गावी चालले आहेत. ते पवित्र नगराकडे जात नसून त्यापासून दूर जात आहेत, आणि तेही खिन्न मनाने. वाटेत एक अनोळखी सोबती भेटतो. त्याच्याशी बोलताना आपल्या अंतःकरणाला ऊब येत होती, हे त्यांना मुक्कामी पोहोचल्यावर, भाकरी मोडली जात असताना उमगते. आणि त्याच घटकेस ते उठून यरुशलेमला परततात. आनंद वाटेवर झाला, तो ओळखला गेला थांबल्यावर, आणि त्याने त्यांना परत फिरविले. मराठी मनुष्यास या परतण्यात वारीची खूण सहज पटावी.

तथापि सातारा-सांगली भागात जो ख्रिस्ती धर्म आला, त्याच्याजवळ यात्रेची प्रथा नव्हती. साताऱ्यास अमेरिकन मराठी मिशन आणि सांगली-मिरजेस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन, ही दोन्ही प्रॉटेस्टंट मिशने. मार्टिन लूथरने १५२० मधील आपल्या एका पुस्तिकेत रोमच्या यात्रा बंद कराव्यात असे प्रतिपादिले होते. स्थलमाहात्म्याविषयीचा तो संशय या परंपरेत टिकून राहिला. त्यामुळे येथील ख्रिस्ती जीवन मुख्यतः प्रार्थनामंदिर, शाळा व रुग्णालय यांच्याभोवती उभे राहिले. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेस सुरू केलेले रुग्णालय हे त्याचे ठळक उदाहरण होय. सांगली व मिरज यांच्यामधील वानलेसवाडी आजही त्यांचे नाव धारण करते.

मग यात्रेचा आनंद गेला कोठे? तो रूपकात गेला. जॉन बन्यनच्या १६७८ मधील प्रसिद्ध ग्रंथाचे हरि केशवजी यांनी केलेले भाषांतर १८४१ मध्ये 'यात्रिकक्रमण' या नावाने निघाले. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे. सबंध आयुष्य हीच एक यात्रा, असे मानणाऱ्या ग्रंथास भाषांतरकाराने पावलांचाच शब्द दिला. परंतु ही यात्रा एकदाच होणारी आहे. तीत परतणे नाही. वारीचा फेरा तीत बसत नाही.

ही उणीव ज्यांच्या वाणीने भरून निघाली, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. सेतू म्हणजेही ओलांडण्याची जागा. 'तीर्थ' या शब्दाचा मूळ अर्थच येथे नव्या रूपाने प्रकट झाला आहे. विशेष हे, की ख्रिस्तापाशी पोहोचल्यावर त्यांनी हा सेतू मोडला नाही. अभंग व कीर्तन यांच्या द्वारे ते त्यावरून पुन्हा पुन्हा मराठी श्रोत्यांकडे परतत राहिले. १९१७ मध्ये संन्यस्त वृत्ती पत्करून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांस जागा ठेविली. 'दरबार' या फारसी शब्दाच्या पोटात 'दर' म्हणजे दरवाजा आहे, हे येथे आठवते. १९१९ मध्ये टिळक निवर्तले व दरबार फार काळ टिकला नाही. मात्र त्यांची पदे मराठी उपासनेत राहिली.

कॅथलिक समाजात प्रत्यक्ष पदयात्राही आहेत. ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेविअर यांच्या सणासाठी बेळगाव व सिंधुदुर्गाकडून भाविक जुन्या गोव्यास पायी जातात. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरात मारियेची यात्रा भरते. त्या मारियेस लोक 'मतमाउली' म्हणतात. 'माउली' हा शब्द वारकरी ज्ञानेश्वरांस लावतात आणि वाटेवरच्या अनोळखी सोबत्यासही लावतात. गंतव्याचे नाव सहप्रवाशास देणारा हा शब्द ख्रिस्ती भाविकांनी आपलासा केला, याला केवळ उसनवारी म्हणता येत नाही. अम्माऊसच्या वाटेवर घडले ते याच जातीचे होते: सोबती म्हणून जो भेटला, तोच गंतव्य ठरला.

दोन श्रद्धांमधील भेद शब्दांच्या साम्याने मिटत नाहीत, आणि ते मिटविणे हे भाषाशास्त्राचे कामही नव्हे. परंतु एखाद्या समाजाचा आनंद परक्या शब्दांत बोलला जातो की घरच्या, यावर तो आनंद पुढील पिढीस कळणे पुष्कळसे अवलंबून असते. ज्या मराठी ख्रिस्ती मनुष्याच्या मंडळीत यात्रा नव्हती, त्यालाही वाटेवरचा आनंद सांगावयास शब्द मिळाले, ते याच भूमीतल्या चालणाऱ्यांचे. या भागात भाषासंकलन करणाऱ्या विद्यार्थ्यांनी यात्रेकरूंस 'कोठे गेला होता' एवढेच न विचारता 'वाटेवर एकमेकांस काय म्हणत होता' हेही विचारावे. आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा तेथेच सापडेल.