तिरोडीच्या धुळीत उघडा फिल्टर

गाडी सर्व्हिसिंगला आली की मी आधी एअर फिल्टर काढतो आणि फरशीवर हलकेच आपटतो. खाणीकडं रोज ये-जा करणारी गाडी असेल तर काळी भुकटी पडते, शेतशिवारातली असेल तर तांबडी माती. तिरोडीची मॅगनीजची खाण उघडी, भूमिगत नव्हे, त्यामुळं धुळीचं आम्हाला नवल नाही. (या गावावरून १९३८ साली एका खनिजाचं नाव तिरोडाइट ठेवलं गेलं, हे इथल्या किती जणांना ठाऊक असेल?) गाडीवाल्यानं मात्र ब्राउनाइट लक्षात ठेवावं. मॅगनीजचं हे खनिज मोहस मापावर ६ ते साडेसहा इतकं कठीण. मातीतला गारगोटीचा कण ७. इंजिनच्या बोअरचं बीड त्यांच्यापुढं मऊच.

अशा गावात पोट्टे शंकूच्या आकाराचे उघडे कोन फिल्टर घेऊन येतात. "काका, कंपनीचा डबा काढून टाका, हा बसवा. आवाज पाहिजे अन् पिकअपबी पाहिजे." आवाजाची हमी मी लगेच देतो.

इंजिन हवा सलग ओढत नाही, घोट घोट ओढतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाला १०० घोट. प्रत्येक घोटाचा दणका नळीतून उलटा बाहेर येतो. तो दाबायला कंपनी फिल्टरभोवती बंद डबा देते आणि बऱ्याच गाड्यांत नळीला एक रिकामं प्लास्टिकचं डबडंही जोडते. त्याला रेझोनेटर म्हणतात. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की एकच सूर निघतो, तसा या डबड्याचा सूर ठरलेला असतो. नळीतल्या गोंगाटातला तेवढाच सूर ते गिळतं. नवशिके मिस्त्री ते बिनकामाचं समजून फेकतात. डबा आणि डबडं गेलं की ॲक्सिलरेटर दाबताच बॉनेटखालून घोगरी डरकाळी येते, टर्बो डिझेल असेल तर वर शिट्टी. पोट्टा खूश. गाडी पळायला लागली असं त्याला मनापासून वाटतं.

पळते का? कंपनीची नळी बहुतेक गाड्यांत समोरच्या जाळीजवळून किंवा मडगार्डच्या आतून हवा घेते. उघडा कोन बॉनेटखालचीच ओढतो. मे महिन्यात बाहेर ४२ अंश असताना उभ्या गाडीत तिथं ६२ व्हायला वेळ लागत नाही. हवा एवढी तापली की विरळ होते, आणि तेवढ्याच घोटात सुमारे ६ टक्के कमी हवा जाते. म्हणजे पैसे मोजून ताकद घालवली. बाहेरून हवा घेणारा, बंद डब्याचा चांगला इनटेक असेल आणि इंजिन वरच्या आरपीएमवर ताणलं तर थोडी ताकद वाढते, हे मान्य. रेसच्या ट्रॅकवर त्याला अर्थ आहे. टिपरच्या मागं तिसऱ्या गिअरात रखडताना काय उपयोग?

ॲव्हरेजचं तर नावच नको. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये चोंदलेले फिल्टर लावून गाड्या तपासल्या. फ्युएल इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांचा ॲव्हरेज पडला नाही, पिकअप तेवढा घटला. सावकाश चालवताना थ्रॉटलची झडप आपणच अर्धी मिटून ठेवतो. मग फिल्टर मोकळा करून काय साधणार?

धुळीचा हिशेब वेगळा. एक लिटर पेट्रोल जाळायला नऊ हजार लिटरहून जास्त हवा लागते. चार-साडेचार लिटर जळेपर्यंत बारा बाय बाराच्या खोलीभर हवा इंजिनातून गेलेली असते, आणि ती इथली हवा. कागदी फिल्टर बारीक कण अडवतो. कोनच्या तेल लावलेल्या कापडी जाळीतून हवा मोकळी जाते, पण तेल कमी पडलं तर धूळ निसटते. जास्त झालं तर ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सर आहे तिथं त्यावर थर बसतो. उघडा कोन बसवलेल्या गाडीत फिल्टरच्या पुढं, इंजिनकडच्या नळीत, मी पांढरं फडकं फिरवतो. ते काळं निघालं की पुढचं ठरलेलं : रिंगा घासतात, इंजिन ऑइल खातं, निळा धूर मारतं, आणि हाफ इंजिनचं काम निघतं.

शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० नुसार आवाजाची मर्यादा मोडल्यास दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो.

तरी कुणी हट्ट धरलाच तर मी कंपनीच्याच डब्यात बसणारा नवा कागदी फिल्टर घालून देतो. पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरची वाट इथं पाहायची नाही, त्याआधीच बदलायचा. मधे साफ करायचा तर कंप्रेसरची हवा लांबून, आतल्या बाजूनं बाहेर मारायची. जवळून मारली की कागदाला बारीक भोक पडतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून बसवण्याआधी फिल्टर बल्बसमोर धरून पाहायचा.