घटकयादीत न दिसणारा प्राणी

माणूस, वानरे आणि आशिया-आफ्रिकेतील माकडे वगळली, तर बहुतेक सर्व सस्तन प्राण्यांच्या पेशींवर ‘अल्फा-गॅल’ नावाची शर्करा असते. अमेरिकेच्या दक्षिण व पूर्व भागांत आढळणारी ‘लोन स्टार’ जातीची गोचीड चावल्यावर काही जणांच्या रक्तात या शर्करेविरुद्ध आयजीई, म्हणजे अ‍ॅलर्जी घडवून आणणारी, प्रतिपिंडे तयार होतात. त्यानंतर गाय, डुक्कर किंवा मेंढीचे मांस पोटात गेले, की साधारणतः दोन ते सहा तासांनी अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात आणि कधी रक्तदाब घसरून जिवावरही बेतते. अमेरिकेत २०१० ते २०२२ या काळात १,१०,००० हून अधिक संशयित रुग्णांची नोंद झाली.

मासे व कोंबडी या रुग्णांना चालतात, त्यामुळे पथ्य सोपे वाटते. खरी अडचण पाकीटबंद पदार्थांत आहे. अ‍ॅलर्जीकारक घटक ठळकपणे सांगण्याची सक्ती करणाऱ्या २००४ च्या अमेरिकी कायद्याने दूध, अंडी, शेंगदाणे आदी आठ घटक निवडले, पुढे तिळाची भर पडली, परंतु सस्तन प्राण्यांचे मांस त्या यादीत नाही. मार्शमेलोतील किंवा औषधी कॅप्सूलच्या कवचातील जिलेटिन बहुधा डुकराच्या वा गाईच्या कातडी-हाडांपासून बनते, पण वेष्टनावर केवळ ‘जिलेटिन’ एवढेच छापलेले असू शकते. ग्लिसरीन आणि मॅग्नेशियम स्टिअरेट वनस्पतींच्या तेलापासूनही निघतात व प्राण्यांच्या चरबीपासूनही. ‘नैसर्गिक स्वाद’ या मोघम शब्दाच्या व्याख्येत तर मांसापासून काढलेला स्वादही बसतो. कोंबडीच्या सॉसेजवरचे आवरण डुकराच्या आतड्याचे असू शकते, हे तर सहसा कोणाच्या ध्यानीही येत नाही.

भारतीय पाकिटावरील हिरवे चिन्ह येथे अर्धेच उपयोगी पडते, कारण ते मांस व जिलेटिन वगळत असले तरी दुधाला मुभा देते, आणि दूध काही रुग्णांना सोसत नाही. वीगन चिन्ह अधिक भरवशाचे खरे. मात्र आइस्क्रीम व वनस्पतिजन्य दुधाला दाटपणा आणणारे कॅराजीनन (आयएनएस ४०७) तांबड्या सागरी शैवालापासून मिळत असूनही त्यात अल्फा-गॅल असते.

कोणाला कितपत सोसते हे व्यक्तिगणिक बदलत असल्याने सरसकट सारे वर्ज्य करण्यापेक्षा अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या सल्ल्याने पथ्य ठरवणे शहाणपणाचे ठरते. संदिग्ध घटकाचा उगम उत्पादकालाच विचारावा लागतो आणि तोही अधूनमधून पुन्हा, कारण पुरवठादार बदलला, तरी पाकिटावरचे ‘ग्लिसरीन’ तेच राहते.