पंख वाकडे चालतील, पण सारखे वाकडे

नाशिकजवळच्या देवळालीतल्या स्कूल ऑफ आर्टिलरीच्या रेंजवर ‘तोपची’ हा सराव होतो, तेव्हा तोफांच्या जोडीला ग्रॅड बीएम-२१ आणि पिनाका या रॉकेट यंत्रणाही धडाडतात. ग्रॅडचं रॉकेट १२२ मिलिमीटर व्यासाचं. नळीत असताना त्याच्या शेपटीचे चार पंख मिटलेले असतात आणि नळीबाहेर पडताच ते उघडतात. हे पंख रॉकेटच्या अक्षाला अगदी समांतर नसतात. ते किंचित तिरके असतात आणि हा तिरकेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. चारही पंख एकाच दिशेनं आणि एकाच मापानं कललेले असल्यामुळे रॉकेट स्वतःभोवती फिरत जातं. बांधणीतली एखादी बारीक खोट त्याला सतत एकाच बाजूला ओढू शकत नाही, कारण ती बाजूच क्षणाक्षणाला बदलत असते.

मग शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याच्या नळीवर बांधलेलं रॉकेट, त्याचा एकच पंख जरासा तिरका बसला म्हणून शेजारच्या झाडात का शिरतं? कारण तो एकटाच तिरका असतो. सगळे पंख सारखे तिरके असले की रॉकेट फिरतं. एकच तिरका असला की ते वळतं. गाडीचं एक चाक अलाइनमेंटमधून गेलं की स्टिअरिंग सरळ धरूनही ती एका अंगाला ओढते, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की छोट्या रॉकेटला स्टिअरिंग नसतं. गाइडेड पिनाकाच्या नाकाजवळ हलते छोटे पंख असतात, त्यामुळे उडता उडता दिशा दुरुस्त करता येते. मॉडेल रॉकेटला ही सोय नाही. टेबलावर डिंक वाळला त्या क्षणी त्याची वाट ठरलेली असते.

एक मिलिमीटर, दोन परिणाम

पंख बसवताना तीन प्रकारच्या चुका होतात. पहिली चूक पंखांमधल्या अंतराची. तीन पंख असतील तर ते १२० अंशांवर हवेत आणि चार असतील तर ९० अंशांवर. दुसरी चूक उभेपणाची. समोरून पाहिलं तर पंख नळीच्या केंद्रातून निघाल्यासारखा दिसायला हवा, पण तो एका अंगाला झुकतो. तिसरी चूक दिशेची. पंखाचा पुढचा आणि मागचा कोपरा नळीवर मारलेल्या एकाच सरळ रेषेवर हवेत, पण मागचा कोपरा रेषा सोडतो.

नवशिका पहिल्या चुकीची सर्वांत जास्त धास्ती घेतो, कारण ती डोळ्यांना लगेच दिसते. हिशोब मात्र उलटं सांगतो. २५ मिलिमीटर व्यासाच्या नळीचा घेर साधारण ७८.५ मिलिमीटर भरतो. घेरावर पंख एक मिलिमीटर सरकला, तर कोनात साडेचार अंशांहून थोडा जास्त फरक पडतो. आकडा मोठा वाटतो, पण तो पंख अजूनही हवेच्या प्रवाहाला समांतरच आहे. रॉकेट त्याकडे फारसं लक्षही देत नाही.

आता तोच एक मिलिमीटर दिशेत चुकवून पाहा. पंखाचा नळीला चिकटणारा काठ ५० मिलिमीटर लांब असेल, तर मागचा कोपरा एक मिलिमीटर सरकल्यानं पंख एक अंशाहून किंचित जास्त तिरका होतो. हा तिरका पंख विमानाच्या पंखासारखं वागू लागतो आणि शेपटीला बाजूला ढकलतो. ढोबळ हिशोब असा: वीस चौरस सेंटिमीटरचा पंख, सेकंदाला ५० मीटर म्हणजे ताशी १८० किलोमीटर वेग आणि एक अंशाचा तिरकेपणा. बाजूचं बल निघतं साधारण दहा ग्रॅम वजनाइतकं. रॉकेटचं सगळं वजनच जेमतेम साठ ग्रॅम असतं. त्यात हे बल अगदी टोकाला, शेपटीवर लागतं. वेग दुप्पट झाला की बल चौपट होतं. बाकीचे पंख विरोध करतात आणि शेवटी तडजोड म्हणून रॉकेट वाऱ्याला थोडं तिरकं राहून कमानीसारख्या वाटेनं जातं. चूक चिमूटभर, पण वेग तिला मोठं करत नेतो.

पंख घासतानाही हीच चूक चोरपावलांनी शिरते. एका बाजूला पॉलिश पेपर जास्त फिरला आणि दुसऱ्या बाजूला कमी, तर रेषेवर अगदी सरळ बसलेला पंखही तिरक्या पंखासारखा वागतो.

काठीपासून पंखापर्यंत

ही डोकेदुखी रॉकेटइतकीच जुनी आहे. अठराव्या शतकात मराठी फौजांत बाणदार असत, म्हैसूरच्या फौजेतही अग्निबाण होते. बाणाला दिशा देई ती लांब काठी. दिवाळीतल्या रॉकेटला आजही तशीच काठी असते आणि ती एका कडेला बांधलेली असते. इंग्रज विल्यम काँग्रीव्हनं म्हैसूरच्या बाणांवरून आपली रॉकेटं घडवली, तेव्हा त्यानंही काठी आधी कडेलाच लावली. १८१५ च्या सुमारास त्यानं ती मधोमध आणली आणि नेम सुधारला. १८४४ मध्ये विल्यम हेलनं काठी काढूनच टाकली आणि बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर रॉकेट फिरवून स्थिर ठेवलं. दोघांचा रोख एकाच शत्रूवर होता, एका बाजूला झुकलेल्या बलावर.

आजच्या मॉडेल रॉकेटची सुरुवात १९५४ च्या सुमारास अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात झाली. ऑर्व्हिल कार्लाइल या चपलांच्या दुकानदारानं सुरक्षित छोटी रॉकेटं बनवली. पंख किती मोठे आणि कुठे हवेत, याची सूत्रं १९६६ मध्ये जेम्स बॅरोमन यांनी मांडली. हवेचा दाब जिथं एकवटतो तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे, नळीच्या निदान एका व्यासाइतक्या अंतरावर हवा, हा नियम आज प्रत्येक हौशी माणूस पाळतो. सांपो निस्कानेन यांनी २००९ मध्ये फिनलंडमध्ये पदव्युत्तर प्रबंध म्हणून सुरू केलेलं ‘ओपनरॉकेट’ हे मोफत सॉफ्टवेअर हा हिशोब क्षणात करतं. पण त्यात पंखांचा तिरकेपणा भरायची जागा आहे ती सगळ्या पंखांना मिळून. पडद्यावरचे पंख नेहमी एकमेकांसारखेच असतात. तुमच्या टेबलावरचे तसे असतील, याची हमी सॉफ्टवेअर देत नाही.

नाशिकला ठाऊक असलेला उपाय

ती हमी देतो जिग किंवा फिक्स्चर, म्हणजे भाग ठरलेल्या जागी पक्का धरून ठेवणारा साचा. ओझरला १९६४ मध्ये मिग विमानांसाठी उभारलेल्या, पुढे सुखोई-३० एमकेआय आणि आता तेजस बांधणाऱ्या एचएएलच्या कारखान्यात पंखाची जागा कुणी नजरेनं ठरवत नाही. भाग जिगमध्ये बसतो आणि जिग सांगेल तीच जागा खरी. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतीत शेकडो घरांचा संसार जिग-फिक्स्चरवर चालतो. छोट्या रॉकेटलाही हाच न्याय लावायचा: हात स्थिर आहे की नाही हे महत्त्वाचं नाही, फिक्स्चर चोख आहे की नाही हे महत्त्वाचं.

आधी आखणी. कागदाची पट्टी नळीभोवती गुंडाळा आणि कड जिथं जुळते तिथं खूण करा. पट्टी उलगडून त्या लांबीचे तीन किंवा चार भाग करा आणि खुणा नळीवर उतरवा. सूत्रानं घेर काढत बसू नका, कारण गुंडाळलेल्या पट्टीच्या लांबीत कागदाची जाडीही येते. लांबीच्या रेषेसाठी हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा ॲल्युमिनियमचा एल अँगल घ्या. नळी त्याच्या खाचेत टेकली की अँगलची कड आपोआप अक्षाला समांतर येते. पेन्सिल कडेनं ओढा. हा अँगल नसेल, तर दाराच्या चौकटीचा कोपराही चालतो.

मग पंख. सगळे पंख बाल्साच्या एकाच फळीतून कापा, एकावर एक ठेवून पकडीत धरा आणि कडा एकत्र घासा. बाल्साचे धागे पंखाच्या पुढच्या कडेला समांतर ठेवा, नाहीतर पंख धाग्यांच्या रेषेत मोडतो.

फिक्स्चरसाठी सनबोर्ड किंवा एमडीएफच्या दोन चकत्या घ्या. मधोमध नळीच्या मापाचं भोक आणि त्यापासून बाहेर जाणाऱ्या पंखांच्या जाडीच्या फटी. दोन्ही चकत्या एकावर एक ठेवून एकाच वेळी कापा. पाटीवाल्यांच्या लेझर मशीनवर हे काम काही मिनिटांत होतं. पंखाच्या लांबीत बसतील अशा बेतानं चकत्या सळ्यांवर एकमेकींपासून जितक्या लांब ठेवाल, तितकी चूक कमी. पंख लांब असला, फटीत एकूण पाव मिलिमीटर ढिलाई राहिली आणि चकत्यांमध्ये साठ मिलिमीटर अंतर असलं, तर पंख जास्तीत जास्त पाव अंशाच्या आसपास तिरका होऊ शकतो. हातानं ही अचूकता मिळत नाही. नळीजवळ फटी थोड्या रुंद कापा, म्हणजे फिक्स्चर रॉकेटला चिकटणार नाही.

डिंकाची घाई नको. झटपट चिकटणारा डिंक चूक सुधारायला वेळ देत नाही. लाकडाचा डिंक काठावर आणि नळीवर पातळ लावून वाळू द्या, मग दुसरा हात देऊन पंख फिक्स्चरमध्ये बसवा. वाळल्यावर दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांत डिंकाची कड भरा. पांढरा डिंक वाळताना आक्रसतो. एकाच बाजूनं भराल, तर तो पंखाला त्या बाजूला ओढेल. रॉकेट मोठं असेल, तर नळीला फट पाडून पंखाची जीभ आतल्या मोटरच्या नळीपर्यंत न्या. दोन ठिकाणी धरलेला पंख सहज हलत नाही.

उडवण्याआधीची तपासणी

पहिली तपासणी टोकांची. सगळ्या पंखांच्या टोकांमधली अंतरं पट्टीनं मोजा, ती सारखी हवीत. चार पंख असतील, तर काम आणखी सोपं: समोरासमोरचे दोन पंख एकाच सरळ पट्टीला टेकले पाहिजेत आणि त्यांच्याशी दुसरी जोडी गुण्यानं तपासता येते. दुसरी तपासणी दिशेची. नळी पुन्हा एल अँगलमध्ये ठेवा आणि पंखाच्या पुढच्या व मागच्या टोकाचं अँगलच्या कडेपासूनचं अंतर मोजा. अर्धा मिलिमीटरही फरक आला, तर तो पंख काढून पुन्हा बसवा. वर्कशॉपमध्ये व्ही-ब्लॉक आणि डायल गेज असेल, तर हीच तपासणी आणखी चोख होते.

एक गोष्ट मात्र फिक्स्चर शिकवणार नाही. मॉडेल रॉकेटची दारूची मोटर कायद्याच्या दृष्टीनं स्फोटक आहे, तिच्यावर स्फोटक नियम, २००८ लागू होतात. घरात दारू कुटण्याचा विचारही नको. त्यात नाशिकवर ओझरचा विमानतळ, गांधीनगरचा लष्करी हवाई तळ आणि देवळालीची रेंज आहे, त्यामुळे इथलं आकाश मोकळं नाही. मोटरची रॉकेटं उडवायची असतील, तर इन-स्पेस या केंद्र सरकारच्या अंतराळ संस्थेच्या विद्यार्थी स्पर्धांसारख्या देखरेखीच्या ठिकाणी जा. पंख शिकायला मात्र पाण्याचं किंवा हवेच्या दाबाचं रॉकेट पुरेसं आहे. तिरका पंख तिथंही तितक्याच ठामपणे आपली चूक दाखवतो. तेव्हा पालकांनी आणि विज्ञान शिक्षकांनी मुलांना पहिलं रॉकेट बनवायला सांगण्याआधी पहिलं फिक्स्चर बनवायला सांगावं. त्यावर पुढची दहा रॉकेटं सरळ उडतील.