गाठीची मोजणी

मावळ तालुक्यात ज्याच्या नावावर वडिलोपार्जित चार गुंठे तरी जमीन शिल्लक आहे, त्याला मोजणी या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. द्रुतगती मार्ग झाला, मागोमाग बंगले आले, भातखाचरांच्या बांधांना सोन्याचा भाव आला, आणि तेव्हापासून भूमिअभिलेख कचेरीतला मोजणीदार, त्याचा नकाशा आणि त्याने दाखविलेल्या हद्दीच्या खुणा यांवाचून या मुलखात कोणाचे वर्ष सरत नाही. शेजाऱ्याने बांध सरकवला अशी कैफियत घेऊन गेलेल्या माणसास पहिला प्रश्न विचारला जातो तो हा की, जुना नकाशा कोठे आहे. कारण आजची मोजणी कितीही काटेकोर असली तरी बांध आज कोठे आहे एवढेच ती सांगते, तो सरकला की नाही हे ठरविण्यास पूर्वीचा दाखलाच लागतो. फुप्फुसातील गाठीची कथा याहून फारशी निराळी नाही.

नाणे मावळातील आमचे एक दूरचे आप्त, वय सत्तरीपलीकडचे, तरुणपणी विडीचे व्यसन असलेले आणि पुढे ते सोडलेले, गेल्या वर्षी पावसाळ्यात खोकला हटेना म्हणून लोणावळ्यास येऊन छातीचा फोटो काढून गेले. फोटोत डाग दिसला. डाग म्हणून सीटी काढली, आणि सीटीच्या अहवालात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या खंडात ८ मिलिमीटरची गाठ असल्याचे लिहून आले. घरात रडारड झाली. नातवाने रात्रभर मोबाइलवर नको ते वाचून काढले. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी, ‘तीन महिन्यांनी परत काढू,’ असे शांतपणे सांगितले, तेव्हा म्हातारे उसळून म्हणाले, “गाठ हाय म्हणता आन् घरी जा म्हणता? ह्ये कसलं औषध?”

त्यांचा राग समजण्याजोगा असला, तरी डॉक्टरांचा सल्ला योग्य होता, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. वैद्यकात ३० मिलिमीटरपर्यंतच्या गोलसर डागास ‘नोड्यूल’ म्हणतात, आणि अशा लहान गाठींपैकी बहुतेक निरुपद्रवी असतात. अमेरिकेत ५३ हजारांहून अधिक धूम्रपायी व माजी धूम्रपायी लोकांवर झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, कमी किरणमात्रेच्या सीटीमुळे फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू शेकडा २० ने घटल्याचे दिसले खरे. परंतु त्याच चाचणीत ज्या तपासण्यांत संशयास्पद काही आढळले, त्यांतील शेकडा ९६ वेळा तो संशय अखेर खोटा ठरला. ही अमेरिकेची गोष्ट. आपल्या देशात, जेथे क्षयाचा जंतू पिढ्यान् पिढ्या घराघरांत वावरला, तेथे बऱ्या झालेल्या क्षयाच्या खुणा छातीत बाळगून सुखाने संसार करणारी माणसे किती असतील, याची कल्पनाच केलेली बरी. गाठीत चुना पुरता भरलेला असेल, किंवा तो मक्याच्या लाहीसारखा फुललेला दिसत असेल, तर पहिल्या चित्रावरूनच निर्धास्त होता येते; एरवी एका चित्रावरून निकाल देणे म्हणजे जुन्या नकाशावाचून अतिक्रमणाचा पंचनामा करणे होय.

म्हणून दुसरी मोजणी. कर्करोगाच्या पेशी दुपटीने वाढतात: एकीच्या दोन, दोहोंच्या चार, या हिशेबाने एका पेशीपासून एक सेंटिमीटरची गाठ होण्यास सुमारे तीस दुपटी लागतात, आणि त्यापुढे अवघ्या दहा दुपटींत ती दहा सेंटिमीटरची होते. अर्थात गाठ डोळ्यांस दिसू लागते तेव्हा तिचे बहुतेक आयुष्य सरलेले असते. गाठ एकदा दुप्पट होण्यास किती दिवस लागले, हा या सर्व प्रकरणातील कळीचा आकडा आहे. घन गाठ कर्करोगाची असेल तर तो आकडा साधारणपणे महिन्यापासून चारशे दिवसांपर्यंत असतो. गाठ दोन-तीन आठवड्यांतच दुप्पट झाली तर बहुधा तो जंतुसंसर्ग असतो, आणि दोन वर्षांत तसूभरही हलली नाही तर ती बहुधा जुना व्रण ठरते.

येथे भूमितीची एक गंमत आहे आणि दिवाळीच्या दिवसांत ती सहज पटेल. बुंदीचा एक लाडू दुसऱ्यापेक्षा रुंदीला केवळ सव्वापट असेल, तर त्याला बुंदी जवळजवळ दुप्पट लागते. तोच न्याय गाठीला. ८ मिलिमीटरची गाठ १० मिलिमीटरची झाली, तर ऐकणाऱ्यास वाढ दोनच मिलिमीटरची वाटते, पण घनफळ २६८ घन मिलिमीटरवरून ५२४ वर गेलेले असते. उलट, मोजणाऱ्याचा हात दीड-दोन मिलिमीटरने सहज चुकतो. म्हणजे जी वाढ पकडावयाची, तेवढीच चूकही संभवते! या पेचातून सुटका म्हणून केवळ व्यासावर न विसंबता संगणकाने सबंध गाठीचे घनफळ काढण्याची रीत आली. नेदरलँड्स व बेल्जियममध्ये झालेल्या, २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झालेल्या ‘नेल्सन’ चाचणीने याच रीतीचा अवलंब केला. ५० ते ५०० घन मिलिमीटरची गाठ असल्यास तीन महिन्यांनी फेरतपासणी करावयाची, ती शेकडा २५ हून अधिक वाढली असेल तरच तिला वाढ म्हणावयाचे, आणि दुपटीचा काळ चारशे दिवसांहून कमी निघाल्यास पुढील तपासास पाठवावयाचे, असा तिचा शिरस्ता होता. दहा वर्षांत पुरुषांमधील फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे शेकडा २४ ने घटले.

मात्र सर्व गाठी एका जातीच्या नसतात. काही गाठी धूसर असतात, इतक्या की त्यांच्यामागील रक्तवाहिन्याही दिसत राहतात. वैद्य त्यांना दुधी काचेची उपमा देतात, आणि ज्या तळेगावात १९०८ साली पैसाफंडाचा काच कारखाना उभा राहिला त्या तालुक्यात ही उपमा परकी वाटू नये. तरीही लोणावळ्याच्या माणसास आषाढातले धुकेच अधिक जवळचे. धुक्याआडून झाड दिसते, तशी ही गाठ. ती फार सावकाश वाढते, म्हणून तिच्यावर पाच-पाच वर्षे नजर ठेवतात, आणि धुक्यात मध्येच घट्ट ठिपका उमटला की सावध होतात.

हे सारे ज्या यंत्रावर चालते, त्याचा जनक गॉडफ्रे हाउन्सफील्ड हा ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी विख्यात असलेल्या ईएमआय कंपनीतील अभियंता होता. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र त्याच्या यंत्राने घेतले आणि १९७९ साली ॲलन कॉरमॅक यांच्यासह त्याला नोबेल पारितोषिक मिळाले. किरण किती अडतात हे सांगणाऱ्या त्याच्या मोजपट्टीवर पाण्याचा अंक शून्य आणि हवेचा उणे हजार. फुप्फुस म्हणजे बहुतांशी हवा, म्हणून त्यातील इवलीशी गाठही मोकळ्या माळावरच्या धोंड्यासारखी उठून दिसते.

पण मोजणीच्या वेळी माळ हलता कामा नये. यंत्राच्या खोलीत आमच्या आप्तांना आवाज आला, “आजोबा, मोठा श्वास घ्या... रोखून धरा... हलू नका.” अर्धवट श्वासात फुप्फुस आकसते आणि गाठीचे मापही बदलते, म्हणून दोन्ही वेळा पूर्ण श्वास, एकाच जाडीचे, मिलिमीटर-सव्वा मिलिमीटरचे काप, आणि शक्यतो तेच यंत्र, असा आग्रह धरला जातो. ज्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम ही योगसंस्था स्थापिली, आणि त्याही आधी बडोद्यास उड्डियान व नौली या क्रियांची क्ष-किरणांखाली परीक्षा केली, त्या पुरुषाच्या लोणावळ्यात कुंभकाचा, म्हणजे श्वास रोखण्याचा, हा नवा उपयोग मला मोठा मौजेचा वाटतो.

वाट पाहणे म्हणजे हयगय नव्हे, हे मात्र बजावून सांगितले पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात फुप्फुसाच्या कर्करोगाचे सुमारे ८१ हजार नवे रुग्ण झाले आणि सुमारे ७५ हजार मृत्यू. हे दोन आकडे इतके लगत आहेत याचे मुख्य कारण, रुग्ण उशिरा येतात हे आहे. त्या उशिरातही आपल्याकडची एक खास तऱ्हा आहे: थुंकीची तपासणी न करता केवळ डागावरून क्षयाची औषधे सुरू करणे, आणि सहा महिन्यांनी गाठ दुणावलेली पाहणे. तारीख घेऊन थांबणे वेगळे आणि दिशा न पाहता चालू लागणे वेगळे. तसेच ‘पेट’ नावाच्या ज्या तपासणीत कर्करोग उजळतो, तिच्यात क्षयही उजळतो, म्हणून संशय बळावल्यास सुईने तुकडा काढण्यावाचून गत्यंतर नसते. आणि त्या सुईने कधीकधी फुप्फुसाभोवती हवा शिरते, म्हणूनच ती उठसूट टोचीत नाहीत.

आमच्या आप्तांच्या दुसऱ्या मोजणीत गाठ होती तेवढीच निघाली. पुढली तारीख पडली. पण या कथेचा सल निराळाच आहे. चार वर्षांपूर्वी जुन्या महामार्गावर दुचाकीवरून पडल्यामुळे त्यांची छातीची सीटी एकदा झालेली होती, हे घरात कोणाला तरी उशिरा आठवले. त्यात ही गाठ तशीच दिसली असती तर एवढी रडारड वाचली असती. शोधाशोध झाली. फिल्म माळ्यावर दोन पावसाळ्यांच्या ओलीने एकमेकींना चिकटून बसल्या होत्या, आणि सीडी सापडली ती खाचरात, दोरीला टांगलेली, ओंब्यांवरची पाखरे उडविण्यासाठी उन्हात चमचमत, ओरखड्यांनी पार निकामी झालेली.

तेव्हा वाचकहो, घरात कोणाचीही सीटी झाली असेल तर नुसता अहवाल नव्हे, तर ती सीडी आणि फिल्मसुद्धा सात-बाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर त्याच पत्र्याच्या ट्रंकेत, कोरड्या जागी, तारीख घालून ठेवा. आणि पुढल्या तपासणीस जाताना डॉक्टरांनी मागण्याची वाट न पाहता ती बरोबर न्या.