विश्लेषण : एआय जवळपास सगळेच वापरतात, मग विद्यार्थ्यांना धास्ती कसली?

ब्रिटनमध्ये पदवीचं शिक्षण घेणारे ९२ टक्के विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या कामासाठी एआय वापरतात. वर्षभर आधी हेच प्रमाण ६६ टक्के होतं. ‘हायर एज्युकेशन पॉलिसी इन्स्टिट्यूट’ने २०२५ मध्ये १,०४१ विद्यार्थ्यांची मतं घेतली, त्यातले हे आकडे. पण याच पाहणीत ५३ टक्के विद्यार्थी म्हणाले, की कॉपीचा ठपका बसेल या भीतीने एआय वापरताना हात आखडतो.

एआयकडून करून काय घेतात?

अवघड संकल्पना समजावून घेणं, लांबलचक लेखांचा सारांश काढणं, विषय सुचवून घेणं, ही मुख्य कामं. वेळ वाचतो आणि काम सुधारतं, अशी त्यामागची कारणं. एआयने लिहिलेला मजकूर थेट असाइनमेंटमध्ये टाकणारे १८ टक्के आहेत. हा आकडा लहान नाही, पण ‘सगळी पिढीच कॉपी करते’ असं म्हणण्याइतका मोठाही नाही.

स्वतः लिहिलं, तर भीती कशाला?

कारण एआय पकडणारी सॉफ्टवेअर्स चुकतात. यातली अनेक सॉफ्टवेअर्स पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो, ते मोजतात. सोपे शब्द, ठरावीक वाक्यरचना दिसली की मजकूर यंत्राचा ठरतो. परक्या भाषेत लिहिणारा माणूस नेमकं असंच लिहितो. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अशी सात सॉफ्टवेअर्स तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध ‘एआयचे’ ठरले. गंमत पुढेच आहे. तेच निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त इंग्रजीत करून घेतले, तर हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास आलं! मराठी माध्यमात शिकून परदेशी गेलेल्या मुलांनी हे ध्यानात ठेवायला हवं.

चॅटजीपीटी बनवणाऱ्यांना तरी ओळखता आलं का?

नाही. ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचं ओळख-साधन आणलं. एआयचा फक्त २६ टक्के मजकूर त्याला ओळखता आला, तर माणसांनी लिहिलेला ९ टक्के मजकूर त्याने एआयच्या खात्यात टाकला. जुलैत ते बंद झालं. ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिनची एआय-तपासणीही थांबवली. चुकीचं प्रमाण एकच टक्का धरलं, तरी वर्षाला येणाऱ्या ७५ हजार पेपरांमागे साधारण ७५० जणांवर नाहक आळ येईल, असा त्यांचा हिशेब होता.

विद्यापीठं काय शिकवतात?

आपल्या विद्यापीठाचं एआय धोरण स्पष्ट आहे, असं ब्रिटनमधले ८० टक्के विद्यार्थी सांगतात. एआय कसं वापरायचं, याबाबत विद्यापीठाकडून मदत मिालेले मात्र ३६ टक्केच. म्हणजे नियम माहीत, वापर आपला आपण शिका!

विद्यार्थ्याच्या हातात काय?

असाइनमेंट गुगल डॉक्समध्येच टाइप करावी. कोणता परिच्छेद कधी लिहिला, काय खोडलं, याची नोंद व्हर्जन हिस्ट्रीत राहते. कच्चे मसुदे आणि हाताने काढलेल्या नोट्स निकाल लागेपर्यंत फेकू नयेत. एआयची मदत घेतली असेल आणि नियमात ती चालत असेल, तर कशासाठी घेतली ते असाइनमेंटच्या शेवटी एका ओळीत लिहावं.