आकड्यांतली मुंबई – लेखांक ९ : टाळेबंदीत गुन्हे वाढले कसे?

२०१९ साली मुंबईत भारतीय दंड संहितेखाली ४०,६८४ गुन्हे नोंदले गेले आणि २०२० साली ५०,१५८. ज्या वर्षी लोकल गाड्या सामान्य प्रवाशांसाठी बंद होत्या, बाजारपेठांना महिनोन्‌महिने कुलपे होती आणि संध्याकाळनंतर रस्त्यावर पोलिसांखेरीज क्वचितच कोणी दिसत होते, त्याच वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक अहवालाप्रमाणे शहरातील गुन्हे सुमारे २३ टक्क्यांनी वाढले. डोंबिवलीच्या एका वाचकाने हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडून विचारले आहे की, या वाढीवर विश्वास कसा ठेवावा, आणि ठेवू नये तर मग उरलेल्या आकड्यांवर तरी का ठेवावा. ठरल्याप्रमाणे या आठवड्यात ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारींकडे वळायचे होते. परंतु हा प्रश्न संपूर्ण लेखमालेच्या पायालाच हात घालणारा असल्यामुळे तो विषय पुढे ढकलून हा लेखांक त्यालाच देणे योग्य ठरेल.

उत्तराचा पहिला भाग सोपा आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ प्रमाणे लोकसेवकाने रीतसर काढलेल्या आदेशाचा भंग करणे हा गुन्हा होता, आणि साथीच्या काळातील संचारबंदी, जमावबंदी व मुखपट्टीविषयीचे आदेश मोडणाऱ्यांवर मुख्यतः याच कलमाखाली कारवाई झाली. देशभरात या कलमाखालील गुन्हे २०१९ साली २९,४६९ होते, ते २०२० साली ६,१२,१७९ झाले. चोरी, घरफोडी, जबरी चोरी आणि दरोडा हे सर्व प्रकार त्या वर्षी घटले, आणि तरीही देशातील दखलपात्र गुन्ह्यांची एकूण संख्या, म्हणजे ज्यांत न्यायालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय पोलिसांना तपास करता येतो अशा गुन्ह्यांची संख्या, २८ टक्क्यांनी वाढली. मुंबईतील वाढही याच जातीची आहे. पुढे मार्च २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या गृहमंत्र्यांनी टाळेबंदीच्या काळातील कलम १८८ खालचे खटले मागे घेण्याचा निर्णय जाहीर केला. खटले मागे घेतले गेले तरी २०२० च्या अहवालातील संख्या मात्र बदलत नाही, कारण तो अहवाल नोंदणीचा आहे, नोंदीचे पुढे काय झाले याचा नाही.

याच कारणाने ‘एकूण गुन्हे’ ही बेरीज शहराच्या सुरक्षिततेचे माप म्हणून वापरणे मुळातच चूक आहे. या बेरजेत खुनाचे वजन एक आणि संचारबंदीत दूध आणायला बाहेर पडलेल्या माणसावर नोंदलेल्या गुन्ह्याचे वजनही एकच असते, आणि खुनांची संख्या शेकड्यांत तर आदेशभंगाची हजारांत असल्यामुळे बेरीज वर जाईल की खाली हे सर्वांत हलक्या गुन्ह्यांवरून ठरते. हलक्या गुन्ह्यांची नोंद तर बहुतांशी पोलिसांनी कोणती मोहीम हाती घेतली आहे यावर अवलंबून असते. मार्च २०२२ मध्ये तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांच्या कारकीर्दीत विरुद्ध दिशेने वाहन चालवणाऱ्यांवर केवळ दंडाची पावती न फाडता निष्काळजी वाहनचालनाच्या कलम २७९ खाली थेट गुन्हे नोंदवण्यास सुरुवात झाली, तेव्हा त्या वर्षीच्या बेरजेत अशा गुन्ह्यांचीही भर पडली. वाहनचालक त्या वर्षी अचानक बेशिस्त झाले होते असे कोणी म्हणणार नाही; आकडा वाढला तो पोलीस अधिक दक्ष झाल्यामुळे, आणि वर्तमानपत्रात मात्र तो शहर बिघडल्याचा पुरावा म्हणून छापला गेला.

मोजणीचा आणखी एक नियम येथे ध्यानात ठेवावा लागतो. एकाच प्रथम खबरी अहवालात, म्हणजे बोलीभाषेतल्या ‘एफआयआर’मध्ये, अनेक कलमे लावलेली असली तरी राष्ट्रीय अहवालात त्यांपैकी सर्वांत गंभीर कलमाचीच एक गुन्हा म्हणून गणना होते. बलात्कार करून खून झाला असेल तर तो खुनाच्या रकान्यात जातो आणि बलात्काराच्या रकान्यात येत नाही. त्यामुळे कोणताही एक रकाना सुटा काढून त्यावरून निष्कर्ष काढताना त्या रकान्यातून वर गेलेल्या घटनांचा विसर पडू देता कामा नये.

मग विश्वास कशावर ठेवावा? गुन्हेशास्त्राचे अभ्यासक जगभर ज्या एका आकड्याकडे सर्वप्रथम वळतात तो खुनाचा, आणि त्याची कारणे व्यावहारिक आहेत. खुनात मृतदेह असतो, मृतदेहामागे रुग्णालय, शवविच्छेदन आणि नातेवाईक असतात, आणि ही सर्व साखळी एकाच वेळी गप्प बसवणे चोरीची तक्रार टाळण्याइतके सोपे नसते. टाळेबंदीच्या वर्षाचीच कसोटी लावून पाहावी : देशात २०१९ साली २८,९१५ खून नोंदले गेले आणि २०२० साली २९,१९३, म्हणजे बेरीज २८ टक्क्यांनी फुगली त्या वर्षी खुनांत जेमतेम एका टक्क्याची वाढ झाली. मुंबईत अलीकडच्या वर्षांत दरवर्षी साधारण दीडशेच्या आसपास खून होतात. सव्वा कोट वस्तीच्या शहरासाठी ही संख्या लहान आहे. १९९० साली न्यूयॉर्क शहरात, तेथील लोकसंख्या पाऊण कोटीच्या आत असताना, बावीसशेहून अधिक माणसे मारली गेली होती. टोळीयुद्धांच्या दशकाची आठवण अजून ताजी असलेल्या मुंबईकरांना हे पटणे जड जाते. तरी आजची मुंबई खुनाच्या मापाने जगातील मोठ्या शहरांमध्ये सुरक्षित ठरते, हे नि:संकोच म्हणता येते.

खुनाचा आकडाही सर्वस्वी निर्मळ मात्र नाही, आणि हा भाग एरवी दुर्लक्षित राहत असल्यामुळे त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे. संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यू झाला की पोलीस ठाण्यात प्रथम अकस्मात मृत्यूची नोंद होते, जिला पोलीस आणि वार्ताहर ‘एडीआर’ म्हणतात. पूर्वी ही नोंद फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. इमारतीवरून पडणे, बुडणे, जळणे, विषबाधा, रुळांवर सापडलेला अनोळखी मृतदेह, या सर्वांची पहिली पायरी हीच असते. शवविच्छेदनाचा अहवाल, व्हिसेराची तपासणी आणि चौकशी यांतून घातपात दिसला तरच त्या नोंदीचे रूपांतर खुनाच्या गुन्ह्यात होते. हे रूपांतर त्याच वर्षात होईल असेही नाही. ज्या मृताची ओळख पटत नाही, ज्याच्यामागे चौकशीचा पाठपुरावा करणारे कोणी नाही, त्याची नोंद अकस्मात मृत्यूच्याच वहीत राहण्याची शक्यता अर्थातच अधिक असते. म्हणून खुनांच्या आकड्याशेजारी अकस्मात मृत्यूंचे प्रकारवार आकडेही वाचले गेले पाहिजेत, आणि शहर पोलिसांनी ते दरवर्षी खुनांच्या जोडीने छापले पाहिजेत.

दुसऱ्या टोकाला आहे मोबाइलची चोरी. समजा, डोंबिवलीत राहणाऱ्या आणि फोर्टात नोकरी करणाऱ्या माणसाचा फोन संध्याकाळच्या जलद गाडीत कुर्ला व घाटकोपर यांच्या दरम्यान खिशातून गेला. हा गुन्हा मुंबईच्या भूमीवर घडला असला तरी तो मुंबई पोलिसांचा नव्हे. रेल्वेच्या हद्दीतील गुन्ह्यांसाठी लोहमार्ग पोलिसांचे स्वतंत्र आयुक्तालय आहे आणि त्याची हद्द शहर ओलांडून कर्जत, पनवेल आणि पालघरच्या दिशेने दूरवर गेलेली आहे. शिवाय फोन गेला हे कळते तेव्हा बहुधा तो कोठे, कधी आणि कोणी काढला हे सांगता येत नाही, आणि अशा वेळी ‘चोरी’ऐवजी ‘गहाळ’ अशी नोंद करून देण्याची प्रथा लोहमार्ग पोलीस ठाण्यांत दीर्घकाळ होती. तक्रारदाराला नवे सिमकार्ड घेण्यासाठी कागद हवा असतो आणि तो गहाळ नोंदीनेही मिळतो. ठाण्याच्या डोक्यावर उघडकीस न आलेला आणखी एक गुन्हा बसत नाही. गेल्या दशकाच्या उत्तरार्धात लोहमार्ग पोलिसांनी अशा तक्रारी चोरी म्हणूनच नोंदवण्याचे धोरण स्वीकारले, तेव्हा काही वर्षांतच मोबाइल चोरीच्या गुन्ह्यांचा आकडा कित्येक पटींनी वाढला. गर्दी, फोन आणि पाकीटमार पूर्वीचेच होते. पोलीस दलाने आपल्या आकड्यांची शोभा पणाला लावून घेतलेला हा निर्णय अभिनंदनीय होता, कारण ललिताकुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी दिलेल्या निकालाचा अर्थच असा आहे की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यास तो नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे.

याच्या उलट वाहनचोरीची नोंद जवळजवळ पूर्ण होते, कारण गुन्हा नोंदल्याखेरीज विमा कंपनी दावा स्वीकारत नाही. म्हणजे एकाच शहरात, एकाच वर्षी, चोरीच्या दोन प्रकारांचे आकडे वास्तवाच्या अगदी वेगवेगळ्या अंशाने भरलेले असतात. तो अंश किती, हे केवळ पोलीस दप्तर वाचून कधीच कळत नाही. त्यासाठी लोकांच्या घरी जाऊन ‘गेल्या वर्षात तुमच्याबाबतीत कोणता गुन्हा घडला आणि तुम्ही तक्रार केली का’ असे विचारावे लागते. अमेरिकेत अशी पाहणी १९७३ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून सरकार स्वतः करते. मुंबईत, दिल्ली, चेन्नई आणि बंगळुरू यांच्या जोडीने, २०१७ साली आयडीएफसी इन्स्टिट्यूटने असे सर्वेक्षण प्रसिद्ध केले, आणि त्यात चोरी झालेल्यांपैकी दहातल्या एकाहूनही कमी लोकांचे प्रकरण एफआयआरपर्यंत पोहोचल्याचे आढळले. दप्तरातल्या चोरीच्या आकड्यांवरून तेजी-मंदीची चर्चा करणाऱ्यांनी हा एक निष्कर्ष समोर ठेवला तरी पुष्कळ घाईचे निष्कर्ष टळतील.

आतापर्यंतचा विचार अंशाचा झाला, छेदाचाही थोडक्यात व्हायला हवा. गुन्ह्यांचा दर म्हणजे दर एक लाख लोकसंख्येमागे नोंदले गेलेले गुन्हे. राष्ट्रीय अहवालाच्या महानगरांच्या कोष्टकात मुंबईची लोकसंख्या १८४.१ लाख धरलेली असते, आणि तो आकडा २०११ च्या जनगणनेतील संपूर्ण नागरी समूहाचा आहे, ज्यात ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई, मीरा-भाईंदर ही शहरेही येतात. गुन्ह्यांची संख्या मात्र कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतच्या मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आकड्यांशी जुळणारी असते, आणि त्या हद्दीतील लोकसंख्या त्याच जनगणनेप्रमाणे सुमारे १२४ लाख होती. २०१९ चे ४०,६८४ गुन्हे १८४.१ लाखांनी भागले तर दर २२१ येतो, १२४ लाखांनी भागले तर सुमारे ३२८. गुन्हा एकही न वाढता दर जवळजवळ दीडपट होतो. शहरांची ‘सर्वांत सुरक्षित’पासून ‘सर्वांत असुरक्षित’पर्यंत जी क्रमवारी दरवर्षी छापली जाते, ती अशा छेदांवर उभी आहे आणि ती छापणे थांबवलेलेच बरे.

प्रश्नकर्त्या वाचकाने आणखी एका वाक्यात टाळेबंदीत मुंबई खरोखर सुरक्षित झाली होती का, असेही विचारले आहे. त्याचे उत्तर गुन्ह्यांच्या वहीत मिळत नाही. उपनगरी रेल्वेच्या रुळांवर आणि गाड्यांतून पडून दरवर्षी सुमारे अडीच हजार माणसे मरतात, म्हणजे खुनांच्या दहापटींहून अधिक. २०२० साली ही संख्या निम्म्याहून खाली आली. रस्त्यांवरील अपघातांतही शहरात दरवर्षी खुनांहून कितीतरी अधिक मृत्यू होतात. रुळ ओलांडताना किंवा खच्चून भरलेल्या डब्याच्या दारातून पडून मेलेल्या माणसाची नोंद अकस्मात मृत्यू म्हणून होते, त्यामुळे शहराच्या ‘सुरक्षिततेच्या’ चर्चेत तो येतच नाही. मुंबईकराच्या जिवाला असलेला सर्वांत मोठा बाह्य धोका गुन्हेगाराकडून नसून प्रवासातून आहे, हा या लेखमालेचा आग्रहाचा मुद्दा आहे आणि तो पुन्हापुन्हा मांडावा लागेल.

यापुढे आकडे वाचणाऱ्यांनी एक तारीख लिहून ठेवावी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि जुनी मालिका तेथे तुटली. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीच्या ऐवजाची चोरी आता अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलिसांना तिचा तपास करता येत नाही आणि दखलपात्रांच्या बेरजेत ती येणार नाही. उलट सोनसाखळी किंवा फोन हिसकावून नेण्याच्या प्रकाराला, जो पूर्वी कधी चोरीत तर कधी जबरी चोरीत मिसळून जात असे, कलम ३०४ खाली स्वतःचे स्थान मिळाले आहे. २०२४ आणि २०२५ चे आकडे हाती घेऊन ‘चोऱ्या घटल्या’ किंवा ‘हिसकावणी वाढली’ असे विधान कोणी केले, तर त्यातील किती भाग कायद्याच्या बदलाचा आहे हे प्रथम विचारावे. अदखलपात्र तक्रारींची संख्या दखलपात्र गुन्ह्यांच्या शेजारी प्रसिद्ध करण्याची जबाबदारी आता पोलीस आयुक्तालयांवर पूर्वीपेक्षा अधिक आहे.

ऑनलाइन फसवणुकीत १९३० या क्रमांकावर येणाऱ्या तक्रारी आणि प्रत्यक्ष नोंदले जाणारे गुन्हे यांतील अंतर हा विषय पुढील लेखांकात घेतला जाईल. ज्या वाचकांनी अशी तक्रार केली आहे, त्यांनी ती एफआयआरपर्यंत पोहोचली की नाही, आणि पोहोचली असल्यास किती दिवसांनी, एवढे कळवावे.